पंखा फिरेना, काटा उतरेना : जुन्या मोटारीतील विजेच्या पंख्याचा बिघाड कसा शोधावा?

मोकळ्या रस्त्यावर विनातक्रार धावणारी जुनी मोटार सिग्नलच्या रांगेत दहा मिनिटे उभी राहिली, की तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागतो. शहरातील अनेक मोटारमालकांना हा अनुभव परिचयाचा आहे. अशा वेळी पहिला संशय रेडिएटरवर घेतला जातो आणि गाडी रेडिएटर साफ करण्यासाठी गॅरेजमध्ये जाते. प्रत्यक्षात दोष बहुधा रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्यात, किंवा त्या पंख्यापर्यंत वीज पोहोचविणाऱ्या एखाद्या लहानशा भागात असतो. हा भाग कोणता, हे क्रमाने तपासल्यास तासाभरात कळू शकते. न तपासता गाडी तशीच चालवत राहिल्यास मात्र फ्यूजच्या किमतीचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

पंख्याची गरज नेमकी केव्हा?

अॅम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांमध्ये पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन सुरू असेपर्यंत पंखाही सुरू, असा सरळ हिशेब होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. या गाडीत इंजिन आडवे बसविलेले असल्याने पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर आणणे सोयीचे नव्हते. त्यामुळे स्वतंत्र मोटरवर चालणारा विजेचा पंखा आला आणि पुढे जवळजवळ सर्वच लहान गाड्यांनी तो स्वीकारला.

विजेचा पंखा सतत फिरत नाही. गाडी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने धावत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवण्यास पुरेसा असतो. गाडी थांबली किंवा रांगेत रांगू लागली, की हा वारा बंद होतो आणि पंख्याचे काम सुरू होते. म्हणूनच पंख्याचा बिघाड महामार्गावर अनेक दिवस लपून राहतो आणि खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे सामान आणि आत कुटुंब असताना नेमका उघडकीस येतो.

निदानाचे पहिले सूत्र यातूनच मिळते. गाडी केवळ थांबल्यावर तापत असेल आणि वेग घेताच काटा खाली येत असेल, तर पंख्यावर संशय घ्यावा. उलट, वेगात असतानाच गाडी तापत असेल, तर पंखा बहुधा निर्दोष आहे. अशा वेळी तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप किंवा कमी झालेले कूलंट यांकडे पाहावे.

पंखा सुरू कसा होतो?

इंजिनमधील पाणी साधारणपणे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोहोचले, की थर्मोस्टॅट उघडतो आणि गरम पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. वाऱ्याअभावी तापमान आणखी वाढले आणि ते ९२ ते ९८ अंशांच्या दरम्यान गेले, की थर्मोस्विच जोडला जातो. हा स्विच रेडिएटरच्या टाकीत किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसविलेला असतो. पाणी पाच-सहा अंशांनी थंड झाले, की तो सुटतो व पंखा थांबतो. नेमके आकडे प्रत्येक मॉडेलनुसार बदलतात.

काही जुन्या गाड्यांत पंख्याचा संपूर्ण प्रवाह या स्विचमधूनच जातो. इतर अनेक गाड्यांत स्विच केवळ रिलेला इशारा देतो आणि पंख्याचा मोठा प्रवाह रिलेच्या संपर्कांतून वाहतो. कार्बोरेटर जाऊन इंधन अंतःक्षेपणाची, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमपीएफआय’ इंजिने आली, तेव्हा बहुतेक गाड्यांत हे काम इंजिनच्या संगणकाकडे गेले. तो तापमानाच्या सेन्सरवरून रिलेला आदेश देतो. आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे ठाऊक करून घेतल्याशिवाय वायरींना हात लावू नये.

वातानुकूलित गाड्यांत कंडेन्सरसाठी बहुधा दुसरा पंखा असतो आणि एसी सुरू करताच एक किंवा दोन्ही पंखे फिरू लागतात. या सोयीचा तपासणीत फार उपयोग होतो.

आधी सुरक्षितता

तपासणीपूर्वी चार गोष्टी पाळणे आवश्यक आहे.

पहिली, काही गाड्यांत पंख्याला चावीच्या स्विचला वळसा घालून थेट वीज मिळते. असा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी बॉनेटपासून दूर ठेवावी.

दुसरी, गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. हे झाकण आतील पाण्यावर साधारण ०.९ बार दाब टिकवते. या दाबामुळे पाणी १०० अंशांना न उकळता ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि अतितप्त पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर, हातांवर उसळते. वरचा होस हाताला नरम लागेपर्यंत आणि इंजिन पुरते निवेपर्यंत वाट पाहणे, हाच उपाय.

तिसरी, तपासणीसाठी इंजिन सुरू ठेवायचे असल्यास गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात उभी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चौथी, कूलंटमधील ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. सोसायटीच्या आवारातील कुत्री-मांजरे ते चाटतात.

साहित्य फारसे लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फ्यूज लावलेली जाड वायरीची एक जोडी आणि योग्य क्षमतेचे सुटे फ्यूज एवढ्यावर काम भागते.

तपासणीचा क्रम

*१. कूलंटची पातळी.* गाडी थंड असताना झाकण उघडून पातळी पाहावी. केवळ बाजूच्या बाटलीवर विसंबू नये. रेडिएटर अर्धा रिकामा असूनही बाटली भरलेली दिसू शकते. पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर थर्मोस्विचला पाण्याचा स्पर्शच होत नाही. इंजिन तापलेले असते. पण स्विचला त्याची वार्ता नसते. कूलंट बदलल्यानंतर लगेच हा दोष उद्भवला असेल, तर हवा अडकल्याची शक्यता सर्वाधिक. अशा वेळी थंड गाडीत झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण उष्ण करून इंजिन मंदगतीवर चालवावे व बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहावे. पाणी उसळू लागल्यास थांबावे.

*२. एसीची कसोटी.* इंजिन सुरू करून एसी चालू करावा. पंखा फिरला, तर मोटर, तिचा फ्यूज आणि अर्थ ठीक आहेत आणि दोष थर्मोस्विच किंवा सेन्सरच्या बाजूला आहे, असा प्राथमिक निष्कर्ष निघतो. मात्र गाडीला दोन पंखे असतील, तर कोणता फिरला हे नीट पाहावे. एकट्या कंडेन्सरच्या पंख्यावरून रेडिएटरच्या पंख्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

*३. फ्यूज.* डोळ्यांना अखंड दिसणारा फ्यूजही आतून तडकलेला असू शकतो, म्हणून टेस्ट लॅम्पने त्याच्या दोन्ही टोकांना वीज आहे का, हे पाहावे. एका टोकाला वीज असून दुसऱ्याला नसेल, तर तो गेलेला आहे. त्याच क्षमतेचा नवा फ्यूज लावावा. तोही लगेच उडाला, तर पंख्याची मोटर अडकलेली आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे, हे निश्चित. अशा वेळी अधिक क्षमतेचा फ्यूज लावणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनविणे होय. बॉनेटखालील आगीला हे आमंत्रण ठरते.

*४. थर्मोस्विच.* कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. चावी ‘ऑन’ ठेवून स्विचचा प्लग काढावा. प्लगला दोन तारा असतील, तर त्या तुकडा-वायरने क्षणभर एकमेकींना जोडाव्यात. एकच तार असेल, तर ती इंजिनच्या धातूला टेकवावी. पंखा फिरू लागला, तर वायरिंग, रिले आणि मोटर सर्व ठीक आहे आणि स्विच बदलावा लागेल, कारण तो दुरुस्त होत नाही. डॅशबोर्डवरील काट्यासाठी असलेला सेन्सर वेगळा असतो. त्याच्याशी या स्विचची गल्लत करू नये.

संगणक असलेल्या गाड्यांत ही चाचणी करू नये. तेथे स्विच नसून तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर असतो. त्यात बॅटरीची वीज सोडल्यास संगणकाला इजा होऊ शकते. अशा अनेक गाड्यांत सेन्सरचा प्लग काढताच संगणक खबरदारी म्हणून पंखा चालू करतो. तसे झाले, तर रिले व मोटर ठीक असल्याचे समजावे.

काढलेला स्विच पाण्याच्या भांड्यात टांगून, थर्मामीटर व मल्टिमीटर लावून घरीही तपासता येतो. यात एक बारकावा आहे. पुण्यासारख्या सुमारे ५६० मीटर उंचीच्या शहरात उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांनाच उकळते. त्याहून अधिक तापमानाचा स्विच या भांड्यात जोडला गेला नाही, म्हणून तो खराब ठरत नाही. स्विचवर कोरलेला आकडा आधी वाचावा.

*५. रिले.* चाचणीत पंखा फिरला नाही, तर रिलेकडे वळावे. प्रचलित रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे क्रमांक असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती पंख्याकडे जाते, तर ८५ व ८६ या आतील विद्युतचुंबकाच्या तारा होत. काही जपानी धर्तीच्या जुन्या रिलेंवर हे क्रमांक नसतात. तेथे आवरणावरील आकृतीचा आधार घ्यावा. इशारा मिळताच रिले ‘टक्’ असा आवाज करतो. आवाज येत नसेल, तर त्याच क्रमांकाचा हॉर्नचा किंवा दिव्यांचा रिले तात्पुरता अदलाबदल करून पाहावा. केवळ आवाज आला म्हणून रिले निर्दोष ठरत नाही, कारण आतील संपर्क जळालेले असू शकतात. रिले काढून त्याच्या बैठकीतील ३० व ८७ ही ठिकाणे जाड वायरीने जोडल्यास पंखा फिरला पाहिजे. फिरला, तर दोष रिलेत किंवा त्याला इशारा देणाऱ्या तारेत आहे. फिरला नाही, तर ३० वर वीज येते का, हे टेस्ट लॅम्पने पाहावे. वीज येत असेल, तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या तारांमध्ये आहे.

*६. मोटर.* बॅटरीची तार सोडून पाते हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरावे. खरखर, कडकपणा किंवा दांड्याची हालचाल जाणवल्यास बुश झिजले आहेत. नंतर मोटरचा प्लग काढून, मधे १५ ते २० अँपिअरचा फ्यूज ठेवून, तिला बॅटरीतून थेट वीज द्यावी. मोटर स्तब्ध राहिली आणि आवरणावर हलकी टपली मारताच फिरू लागली, तर आतील कार्बन ब्रश संपत आले आहेत. गॅरेजच्या भाषेत ‘कार्बन घासले’ ते हेच. काही मोटर उघडून कार्बन बदलता येतात, बंद आवरणाच्या मोटर मात्र संपूर्ण बदलाव्या लागतात. टपलीवर चालणाऱ्या पंख्याच्या भरवशावर प्रवासाला निघू नये.

*७. अर्थ आणि जोडण्या.* मोटर थेट विजेवर जोमाने फिरते. पण गाडीच्या वायरिंगवर मंद फिरते किंवा फिरतच नाही, असे दिसल्यास प्लग आणि अर्थची तार तपासावी. पंधरा-वीस पावसाळे पाहिलेल्या, विशेषतः किनारपट्टीवरील गाड्यांत हा दोष फार आढळतो. खाऱ्या, दमट हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो आणि अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. साध्या मीटरने व्होल्टेज पूर्ण दिसते आणि पंखा तरी फिरत नाही, असा चकवा येथे मिळतो.

याची परीक्षा पंख्याला वीज सुरू असतानाच करावी. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी मोटरच्या धन तारेवर ठेवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास त्या मार्गात अडथळा आहे. तशीच चाचणी मोटरची ऋण तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात घ्यावी. तेथे पाव व्होल्टच्या आसपासची मर्यादा धरावी. गंजलेल्या जोडणीचा रोध केवळ ०.२ ओहम असला, तरी १० अँपिअर प्रवाहाला तेथे २ व्होल्ट नाहीसे होतात आणि २० वॅट उष्णता त्या इवल्याशा प्लगमध्ये निर्माण होते. वितळलेले, तपकिरी पडलेले प्लास्टिक हा त्याचाच पुरावा असतो. अशा प्लगची केवळ सफाई करून भागत नाही. तो बदलावा आणि तारांना नवे थिंबल घट्ट दाबून बसवावेत.

पंखा फिरतो, तरी गाडी तापते

पंखा फिरणे आणि पुरेसा वारा मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. चुंबक असलेल्या या मोटरच्या धन-ऋण तारा उलट जोडल्या, तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडत बसतो. दुरुस्तीनंतर हा घोटाळा अनेकदा होतो. पारख सोपी आहे. गाडी उभी असताना पंखा सुरू करून समोरच्या जाळीजवळ वर्तमानपत्राचा कागद धरावा. तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. दूर ढकलला जात असेल, तर तारा उलट आहेत किंवा चुकीचे पाते बसविले आहे.

पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटले असेल, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत राहतो. अपघाताच्या दुरुस्तीनंतर हे कडे पुन्हा न बसविल्याची उदाहरणे कमी नाहीत. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेली धूळ, पाने आणि किडे हेही कारण असू शकते. ती फट आतून बाहेर, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

पंखा थांबतच नाही

याला बहुतेक जण दोष मानत नाहीत. परंतु रात्रभर फिरलेला पंखा सकाळी बॅटरी रिकामी करून ठेवतो. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे पंखा फिरणे अनेक गाड्यांत अपेक्षित आहे. थंड इंजिनवरही तो फिरत असेल, तर आधी एसी बंद असल्याची खात्री करावी. नंतर रिले काढावा. रिले काढूनही पंखा थांबत नसेल, तर वायर कुठेतरी परस्पर जोडली गेली आहे. थांबला, तर थर्मोस्विचचा प्लग काढावा. आता रिले पुन्हा लावून पंखा थांबलेलाच राहिला, तर स्विच चिकटला आहे. पुन्हा फिरू लागला, तर रिलेचे संपर्क चिकटले आहेत किंवा इशाऱ्याची तार शॉर्ट झाली आहे. संगणक असलेल्या गाडीत तुटलेला सेन्सर हे प्रमुख कारण असते.

‘डायरेक्ट’ करण्याचा मोह

पंख्याची कटकट नको म्हणून चावीसरशी तो सतत फिरेल अशी जोडणी करून देण्याची प्रथा आहे. गॅरेजमध्ये याला पंखा ‘डायरेक्ट’ करणे म्हणतात. घाटात अडकलेल्या गाडीसाठी हा उपाय एका प्रवासापुरता मान्य करता येईल. परंतु कायमस्वरूपी तो महाग पडतो. सतत फिरणाऱ्या मोटरचे कार्बन लवकर झिजतात, आल्टरनेटरवर विनाकारण भार येतो आणि पंखा बंद पडल्यास चालकाला पूर्वसूचना मिळत नाही. ही जोडणी फ्यूज आणि रिले न ठेवता, डॅशबोर्डमधील बारीक तारेवरून केली असेल, तर धोका अधिक. जुनी गाडी विकत घेताना अशी जोडणी आढळल्यास थर्मोस्विचपासून सर्व तपासणी नव्याने करावी.

रस्त्यातच पंखा बंद पडल्यास

काटा मध्याच्या वर सरकू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर व पूर्ण वेगाने चालवावा. उन्हाळ्यात हे जाचक वाटते. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची बरीच उष्णता बाहेर काढतो. पुढे रस्ता मोकळा असेल, तर मध्यम वेगाने चालत राहणे रांगेत थांबण्यापेक्षा बरे. लांबलचक रांगेत इंजिन बंद करावे.

काटा तांबड्यात गेला असेल किंवा वाफ दिसत असेल, तर मात्र एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनवर किंवा आत थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

ही सबुरी का, तेही समजून घ्यावे. अनेक लहान पेट्रोल इंजिनांचे हेड अॅल्युमिनिअमचे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. उष्णतेने अॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेपलीकडे तापल्यास हेड वाकते, मधले गॅस्केट फुटते आणि कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि डिपस्टिकवर दुधाळ चहासारखे ऑइल ही त्याची लक्षणे. ती दिसल्यास इंजिन सुरूच करू नये, गाडी टो करून न्यावी.

वर्षातून एकदा

उन्हाळ्यापूर्वी, मार्चच्या सुमारास, गाडी उभ्या जागी मंदगतीवर वीस मिनिटे चालवून पंखा आपोआप सुरू होतो व बंद होतो का, हे पाहावे. दोन चक्रे पूर्ण झाली, की यंत्रणा ठीक आहे. बोअरचे किंवा नळाचे कठीण पाणी भरू नये. त्याच्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांप्रमाणेच थर्मोस्विचच्या टोकावरही चढतो आणि स्विच उशिरा जोडला जातो. शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण वापरावे आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावे. रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले असल्यास ते बदलावे. एक सुटा फ्यूज आणि एक रिले गाडीच्या कप्प्यात ठेवावा. दोन्ही वस्तू काडेपेटीपेक्षा मोठ्या नाहीत. पण घाटाच्या मध्यावर त्या हाताशी असणे किंवा नसणे, यावर तो दिवस कसा जाईल हे ठरते.